कारभाऱ्यांवर कारवाई

आमच्या कॉलनीत पाणी कोण सोडतं हे शेंबडं पोरही सांगेल. शहर कोण चालवतं असं विचारलं, की मात्र मोठी माणसं आधी पंख्याकडे आणि मग एकमेकांकडे बघायला लागतात.

पाणी कारभारी सोडतात. कारभारी सुकदेव गांगुर्डे. कारभारी हे त्यांचं नाव आहे, हुद्दा नाही. निफाडकडे बहुतेक गावांत असा एखादा कारभारी असतोच. पोरगं मोठं होऊन चार माणसांचा कारभार पाहील या आशेने बारशाला नाव ठेवायचं, आणि पोरगं मोठं होऊन दुसऱ्याच्या द्राक्षबागेत औषधाची बादली धरतं. कारभारीदादांनी ती बादली धरली, पिंपळगावला पॅकहाउसमध्ये पेट्या उचलल्या, आणि सत्तावीस वर्षांपूर्वी नाशिकला येऊन महापालिकेच्या पाण्याच्या कामाला लागले. म्हणजे महापालिकेच्या नव्हे, ठेकेदाराच्या. पाणी महापालिकेचं, व्हॉल्व्ह महापालिकेचा, व्हॉल्व्हचा खड्डाही महापालिकेचा. फक्त त्या खड्ड्यात वाकणारा माणूस ठेकेदाराचा. आतापर्यंत सात ठेकेदार बदलले. प्रत्येकाने नवं ओळखपत्र दिलं. एकावर ‘कारभरी’ असं छापलंय, एकावर नाव बरोबर आहे पण फोटो भलत्याच माणसाचा. माणूस तोच, चावी तीच.

ती चावी म्हणजे खांद्याइतकी उंच लोखंडी सळई, वर आडवा दांडा. सायकलला बांधून ते पहाटे साडेतीनला निघतात. आमचा व्हॉल्व्ह चार पन्नासला. आमच्या भागाच्या पाइपलाइनचा नकाशा महापालिकेच्या ऑफिसात आहे म्हणतात. मी तो पाहिला. त्यात आमची कॉलनी नाहीच, तिथे शेत दाखवलंय. खरा नकाशा कारभारीदादांच्या डोक्यात. या उंबराखालून चार इंची जाते, मंडळाच्या ओट्याखालून सहा इंची. ओटा बांधताना दादांनी सांगितलेलं कोणी ऐकलं नाही, म्हणून तिथला व्हॉल्व्ह कायमचा गाडला गेला आणि त्यावर आता दरवर्षी आरती होते.

त्यांची एक पद्धत होती. ती त्यांना कोणी शिकवली नव्हती आणि कुठल्या नियमातही नव्हती. चार फेरे देऊन व्हॉल्व्ह थोडासा उघडायचा, कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळाला ओंजळ लावायची, वास घ्यायचा, एक घोट तोंडात घोळवून थुंकायचा, थोडं थांबायचं, आणि मगच उरलेले फेरे द्यायचे. आमच्या सहाशे घरांच्या आरोग्याची तपासणी रोज पहाटे अशी एका माणसाच्या जिभेवर व्हायची.

मी राज्यशास्त्रात एम. ए. केलं आहे. दोन वर्षं ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलंही. ‘राज्यसंस्थेचे हेतू स्पष्ट करा, पाच गुण.’ मुलं लिहायची, सुरक्षितता, सुव्यवस्था, न्याय, लोककल्याण. पाचवा गुण मी अक्षराला द्यायचे. सत्ता कोणाच्या हाती असते या प्रश्नालाही पुस्तकात ठरलेलं उत्तर होतं, आणि ते मी इतक्या गंभीर चेहऱ्याने शिकवलं की आता आठवलं तरी कानकोंडं व्हायला होतं.

कारण आमच्याकडचं खरं उत्तर होतं भाऊ. मोहिनीताई आमच्या नगरसेविका होत्या. पाच वर्षांत मी त्यांचा आवाज दोनदा ऐकला, दोन्ही वेळा हळदीकुंकवाला, आणि दोन्ही वेळा त्या “बसा ना” एवढंच म्हणाल्या. बाकी सगळं त्यांचे यजमान, म्हणजे भाऊ, बोलायचे. सभागृहाची मुदत संपली, निवडणुका अडकल्या, आणि वर्षामागून वर्षं शहराला नगरसेवकच नव्हते. प्रशासकांच्या सहीने सगळं चालायचं. मोहिनीताईंची सत्ता गेली. भाऊंची कशी जाणार? त्यांना ती कोणी दिलीच नव्हती. ते पूर्वीसारखेच रोज सकाळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत घरच्या ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला “सांगतो मी साहेबांना” असं म्हणायचे.

त्यांच्या तोंडावर नाही म्हणणारा माणूस मी एकच पाहिला. गेल्या उन्हाळ्यात दूध घेऊन येताना हे बोलणं मी उभी राहून ऐकलं.

“कारभारी, आमच्या लेनला वीस-पंचवीस मिनिटं जास्त सोडत जा की. लॉनला पुरत नाही.”

“तुमच्या लेनला जास्त सोडलं भाऊ, की टोकाला शिलाईवाल्या आपाच्या नळाला नुसती फुसफुस येती.”

“तू माणूस कोणाचा रे?”

“ठेकेदाराचा.”

“आणि ठेकेदार कोणाचा?”

“ते तुम्हाला म्हाईत. मला वर्षाला एक ड्रेस देतो, तेवढं मला म्हाईत.”

भाऊ हसले. तोवर दादा सायकलवर टांग टाकून निघूनही गेले होते.

श्रावणात त्या शिलाईवाल्या आपांच्या, म्हणजे जहिदाआपांच्या, उजमाला कावीळ झाली. उजमा दहावीत. माझी आठवीतली तेजल रोज संध्याकाळी तिच्याकडे गणित विचारायला जायची आणि तिथलंच पाणी प्यायची. पाठोपाठ त्या गल्लीत आणखी दोन घरांत कावीळ. मी रोज सकाळी तेजलची पापणी खाली ओढून बघायला लागले. “मम्मी, एक दिवस डोळा बाहेर येईल,” ती म्हणायची. घरात पाणी उकळून उकळून गॅस संपत होता आणि मी शाळेत ती कुठल्या नळाला तोंड लावत असेल याचा विचार करत बसायचे.

कारण शोधायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. कॉलनीमागे नाल्याजवळ कोणत्या तरी कंपनीने केबल टाकायला खोदलं होतं. तिथे आपली पाण्याची लाइन नाल्याला आडवी जाते. खोदताना जोड हलला. लाइन रिकामी असताना नाल्याचं पाणी आत ओढलं जातं आणि सकाळी पहिल्यांदा तेच नळाला येतं. हे मला कारभारीदादांनी काडीने मातीत काढून दाखवलं.

“साहेबांना सांगितलं का तुम्ही?”

“तीनदा. साहेब म्हणे, लेखी दे. लेखी दिलं तर म्हणे, तू ठेकेदाराचा माणूस, तुझं लेखी ठेकेदाराकडून आलं पाहिजे. ठेकेदाराकडं गेलो तर तो म्हणे, लेखी काही देत नको जाऊ बाबा, मला त्रास होतो.”

“मग?”

“मंग काय. आता तोंडानं बघतो अन् सोडतो.”

आणि एका सोमवारी त्यांनी सोडलंच नाही. ओंजळ नाकाशी नेली, पाणी टाकून दिलं आणि दिलेले चार फेरे उलटे फिरवले. मग एकेका फाटकाची कडी वाजवत सांगत गेले, भरू नका, वास येतोय. कोणाची परवानगी नाही, कोणाचा आदेश नाही. दोन दिवस सहा गल्ल्या कोरड्या राहिल्या.

कॉलनीच्या ग्रुपवर काय संताप उसळला म्हणता. गच्चीवर दोन-दोन टाक्या असलेल्या लोकांनी पाणी हा मूलभूत अधिकार असल्याचं लिहिलं. एका निवृत्त गृहस्थांनी ‘हुकूमशाही’ हा शब्द वापरला, बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. भाऊंकडे त्या दिवशी सत्यनारायण होता आणि पाहुण्यांसाठी टँकर मागवावा लागला. तो अपमान ते विसरणार नव्हते. पण एवढी बोंब झाल्यामुळेच तिसऱ्या दिवशी ऑफिसातून माणसं आली, जोडावर रबर गुंडाळून पट्टी आवळली, फोटो काढले आणि गेली. जोड बदलला नाही, पण वास थांबला. पुढे एकही पोर आजारी पडलं नाही. दादांचे आभार मानायला कोणी गेलं नाही, मीही नाही. मी त्याहून मोठं काहीतरी करायला बसले होते.

मी निवेदन लिहिलं.

मला माझ्या मराठीचा जरा गर्व आहे, हे कबूल करते. शाळेपासून निबंधाला बक्षिसं, कॉलेजात वक्तृत्वाच्या ढाली. त्या सगळ्या ढाली त्या कागदावर आल्या. नाल्याचा जोड, तीन काविळी, तीनदा सांगूनही न हललेलं ऑफिस, सगळं मांडून शेवटी मी लिहिलं: ‘निष्पाप मुलांच्या जिवाशी खेळ चालू असताना या भागाचे कारभारी झोपले होते काय? अशा बेजबाबदार कारभाऱ्यांवर तातडीने कारवाई झालीच पाहिजे.’

त्रेचाळीस सह्या झाल्या. जहिदाआपांनी मशीन थांबवून मोठ्याने वाचलं. “तेजलच्या मम्मी, काय लिहिलंय! एकदम पेपरात येतं तसं.” मी नको नको म्हणत दुसऱ्यांदा वाचून घेतलं. त्रेचाळीस माणसांपैकी एकालाही काही खटकलं नाही. आम्हाला सगळ्यांना कारभारी म्हणजे कोण, हे इतकं पक्कं माहीत होतं.

नवव्या दिवशी मोबाइलवर संदेश आला, ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कृपया आपला अभिप्राय नोंदवा.’ मी आनंदाने पाच चांदण्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी चाळीस मिनिटं उशिरा आलं, तेही गढूळ. व्हॉल्व्हपाशी एक नवखा माणूस मोबाइलचा दिवा लावून कोणाला तरी विचारत होता, डावीकडे फिरवू की उजवीकडे. आणि दहा वाजता कारभारीदादा माझ्या दारात उभे. चप्पल बाहेर काढलेली, हातात घडी घातलेला कागद.

“ताई, जरा वाचून दाखवता? मला येतं वाचता, सातवी हाय माझी. पण हे लय अवघड मराठी हे.”

मी वाचायला घेतलं. ‘उपरोक्त विषयान्वये, रहिवाशांच्या लेखी तक्रारीस अनुसरून, सदर भागातील बेजबाबदार कारभारी यांच्यावर तातडीने कारवाई करण्याची मागणी विचारात घेता, श्री. कारभारी सुकदेव गांगुर्डे, व्हॉल्व्हमन, ठेकेदारामार्फत, यांची सेवा तात्काळ खंडित करण्यात येत आहे. वरिष्ठांच्या परवानगीविना पाणीपुरवठा बंद केल्याची बाबही निदर्शनास आली आहे.’

‘बेजबाबदार’ माझा होता. ‘तातडीने’ही माझाच.

“रहिवाशी म्हंजी कोण, ताई? कोणाची तक्रार? आपाची तर नसंल.”

“माझी,” मी म्हणाले.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन पुन्हा घडी घातली. रागावलेही नाहीत. “मी काय केलं तुमचं?”

मी सांगायला लागले. कारभारी म्हणजे जे कारभार करतात ते, म्हणजे अधिकारी, म्हणजे ज्यांच्या हातात आहे ते. तुमच्याबद्दल एक अक्षर नव्हतं, उलट तुमच्यामुळेच मुलं वाचली. एम. ए. झालेली बाई दारात उभी राहून एका शब्दाचा अर्थ समजावत होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजी कारभारी म्हंजी साहेब.”

“हो.”

“मंग साहेब लिहायचं ना, ताई.”



त्यांचं वय चोपन्न. लताबाई, त्यांच्या पत्नी, शाळेत खिचडी शिजवतात. चोपन्नाव्या वर्षी दुसरा ठेकेदार कोणाला घेतो? आणि जी विद्या त्यांच्याजवळ आहे ती या सहाशे घरांच्या पलीकडे कुठे चालणार? त्याच दुपारी मी ऑफिसात गेले.

आवकजावकच्या टेबलावर एक तरुण कारकून होता. मी निवेदनाची प्रत पुढे केली. “हे बघा, ‘कारभाऱ्यांवर’ लिहिलंय. हे सामान्यनाम आहे, म्हणून सामान्यरूप झालं. माणसाचं नाव असतं तर मी ‘कारभारींवर’ लिहिलं असतं. नावाचं रूप बदलत नाही. व्याकरणच आहे ते.”

त्याने कागद बघितला, मला बघितलं. “मॅडम, आमच्या गावात माझ्या सख्ख्या चुलत्याचं नाव कारभारी आहे. सगळं गाव ‘कारभाऱ्याला बोलवा’, ‘कारभाऱ्याचं ऐका’ असंच म्हणतं. रूप बदलून.”

शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, “आमच्याकडे पण.”

व्याकरण तिथेच संपलं. “बरं, मग मी तक्रार मागे घेते.”

“ती आता घेता येत नाही. निकाली निघाली ना. तुम्ही पाच स्टार पण दिलेत.” त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवला. “नवीन तक्रार करा.”

“कोणाविरुद्ध?”

“ते तुम्ही ठरवा. फक्त नाव नीट लिहा.”

साहेब आत होते. माणूस वाईट नव्हता, चहा मागवला. “मला माहितीये मॅडम, गांगुर्डे चांगला आहे. पण वरून विचारणा झाली, त्रेचाळीस सह्यांच्या तक्रारीवर काय केलं? काहीतरी केलेलं दाखवणं भागच होतं.”

“जोड बदला ना मग. तक्रार त्याचीच होती.”

“जोड बदलायला टेंडर लागतं,” ते अगदी मनापासून म्हणाले. “माणूस बदलायला लागत नाही.”

“तो शब्द माणसाबद्दल नव्हता, हे तुम्हाला कळलं नव्हतं?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “तुम्हीच सांगा, मॅडम. तुमच्या अर्थाने वाचलं असतं तर मला कोणावर कारवाई करावी लागली असती?”

एवढं स्वच्छ उत्तर मला राज्यशास्त्राच्या पाच वर्षांत कोणी दिलं नव्हतं. दादांना परत घ्यायचं तर, मी विचारलं. साहेब म्हणाले, ते माझ्या हातात नाही, ठेकेदाराचा माणूस आहे. ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, माझ्या हातात नाही, ऑफिसचं पत्र आहे. प्रशासकांची भेट मागितली तर पुढच्या महिन्यातला सोमवार मिळाला. काढताना सगळ्यांच्या हातात होतं. ठेवायची वेळ आली, की सगळ्यांचे हात रिकामे.

शेवटी जहिदाआपाच म्हणाल्या, “तेजलच्या मम्मी, तुम्हाला पण माहितीये कुठे जायचं. उगाच चपला का झिजवता?”

दोघी भाऊंच्या ओट्यावर गेलो. मोहिनीताई बाहेर आल्या, “बसा ना” म्हणाल्या आणि आत गेल्या. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना ते आधीच माहीत होतं हे त्यांच्या बसण्यातच दिसत होतं.

“वहिनी, कारभारी आपलाच माणूस. मला कळलं तेव्हा इतकं वाईट वाटलं. पण म्हटलं, महिलांचीच तक्रार आहे, आपण कशाला मध्ये पडा. आता महिलाच म्हणताहेत तर...” त्यांनी मोबाइल काढला. “हां, अरे त्या गांगुर्डेला घे उद्यापासून. हो. साहेबांना मी सांगतो.” झालं. अर्धं मिनिटही लागलं नाही. ठेकेदार त्यांच्या चुलतबहिणीचा जावई, हे मला तेव्हा कळलं. ज्याच्याजवळ कुठलं पद नाही, सही नाही, शिक्का नाही, त्याने सगळ्या सह्याशिक्क्यांवर पाणी फिरवलं.

“एक छोटंसं काम, वहिनी. निवडणूक कधीही लागेल. महिलांनी एकदा फोटो काढू या. तुम्ही शिकलेल्या आहात, पुष्पगुच्छ तुमच्या हातून.”

मी नाही म्हणाले नाही. लताबाई खिचडीच्या पातेल्यापाशी कशा बसल्या असतील, एवढंच डोळ्यांपुढे आणलं आणि गुच्छ दिला. चार दिवसांनी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला, बरोबर व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर. ‘सामान्य कामगारास न्याय मिळवून देणाऱ्या भाऊंचे समस्त महिलावर्गातर्फे जाहीर आभार.’ उजवीकडे मी, डोळे अर्धवट मिटलेले. ज्याला न्याय मिळाला त्याचा फोटो नव्हता. तेजल म्हणाली, “मम्मी, तू झोपेत वाटतेस.”

दादा कामावर आले. पूर्वीसारखीच सायकल, तीच चावी. पण भाऊंच्या लेनला आता पंचवीस मिनिटं जास्त पाणी येतं, आणि आपांच्या नळाला फुसफुस. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “तुम्ही लिहिलं तर गेलो, त्यांनी फोन केला तर आलो. आता ऐकावं कोणाचं, तुम्हीच सांगा.” त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच तो झोंबला. ओंजळीची तपासणी ते अजून करायचे. पण घोट थुंकल्यावर ते आता थांबायचे आणि खिशावर हात ठेवायचे, मोबाइल आहे ना ते बघायला.

दिवाळी झाल्यावर नाल्यावरची ती पट्टी सुटली. सुटणारच होती. पहाटे पाचला मी नळ सोडला आणि वास आला, गटाराचा, ओळखू येणारा. मी बादली ओतून दिली आणि गाउनवर ओढणी घेऊन तशीच कोपऱ्यावर गेले. जहिदाआपाही आल्या होत्या. त्यांना तर त्या वासाची दहशतच बसली आहे, उजमाचं पथ्य अजून चालू होतं. दादा खड्ड्यापाशी उभे, चावी व्हॉल्व्हवर बसवलेली, मोबाइल कानाला.

“दादा, वास येतोय.”

“म्हाईत हे. ओंजळीत नव्हता, पुरं सोडल्यावर आला. भाऊ उचलेना गेलेत.”

“अहो, बंद करा आधी.”

“मागं बंद केला तव्हा काय झालं, ताई?” ते शांतपणे म्हणाले. “भाऊ म्हणले, आता मला विचारल्याबिगर बंद करायला चावी फिरवायची नाय. फिरवली तर परत माझ्याकडं येऊ नको.” त्यांनी पुन्हा नंबर लावला. आतून पाणी जात असल्याचा आवाज येत होता. सहाशे घरांच्या टाक्या भरत होत्या आणि एक माणूस, ज्याला सगळं कळत होतं, ओट्यावरच्या दुसऱ्या माणसाला जाग येण्याची वाट बघत होता. आणि त्याला तिथे मीच उभं केलं होतं.

मी चावीचा दांडा धरला. दादा बाजूला झाले, पण हात लावला नाही. मी जोर लावला, ती हलेना. आपा दुसऱ्या बाजूने लागल्या. “या अल्ला, गंजलंय की काय.”

“उलटं फिरवताय,” दादा मोबाइल कानाला लावूनच म्हणाले. “घड्याळासारखं फिरवा.”

घड्याळासारखं फिरवलं. पहिला फेरा कण्हत फिरला, मग जरा सोपं गेलं. “दम धरा. नवव्याला अडतंय, तिथं थोडं मागं घेऊन परत पुढं.” ते मोजत होते. आपांची ओढणी दांड्यात गुंतली, ती सोडवली, पुन्हा लागलो. एकविसाव्या फेऱ्याला ते म्हणाले, “बास. तुटल आता.” खालचा आवाज थांबला. माझ्या दोन्ही तळहातांवर फोड आले होते. मग आम्ही दोघी फाटकं वाजवत निघालो, भरू नका, भरलं असेल तर ओतून द्या. अर्ध्या लोकांनी आम्हालाच शिव्या घातल्या.

परत कोपऱ्यावर आलो तेव्हा उजाडत होतं. दादांचा मोबाइल वाजला. भाऊंचा आवाज एवढा मोठा, की आम्हाला सरळ ऐकू येत होता.

“काय रे, आमच्याकडं पाणी बंद. कोणी बंद केलं?”

“बायकांनी, भाऊ. वास येत व्हता म्हणून.”

“बायकांनी? आणि तू काय करत होतास?”

“तुम्हाला फोन लावत व्हतो. बावीस वेळा लावला, बघा तुमच्यात.”

“कोणत्या बायका? नावं सांग.”

दादांनी आमच्याकडे पाहिलं. मी फ्लेक्सवरच्या माझ्याच चेहऱ्याखाली उभी होते, दोन्ही हात चिखलाने भरलेले.

“अंधार व्हता, भाऊ,” ते म्हणाले. “नावं नाय म्हाईत.”